एचटी-२ : कोल्हापूरच्या घाटगेंनी बनवलेलं शिकाऊ विमान आणि ओझरपर्यंत आलेली त्याची गोष्ट

१७ ऑक्टोबर २०२५. नाशिकजवळच्या ओझरमध्ये एचएएलच्या कारखान्यातून तेजस एमके-१ए विमान आकाशात गेलं आणि दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तोच व्हिडिओ फिरत राहिला. साहजिकच आहे, लढाऊ विमान म्हटलं की अंगावर काटा येतो. पण त्याच कार्यक्रमात संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी आणखी एका विमानाच्या उत्पादन साखळीचं उद्घाटन केलं. विमानाचं नाव एचटीटी-४०. त्याची रील कुणी बनवली नाही.

कारण ते शिकाऊ विमान आहे. रस्त्यावर 'एल' लावून फिरणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा फोटो कोण काढतं?

पण तेजस असो, राफेल असो की सुखोई, ते चालवणारा प्रत्येक पायलट आयुष्यात पहिल्यांदा असल्याच एखाद्या साध्या विमानात बसलेला असतो. भारतात या विमानांची गोष्ट सुरू होते ती एचटी-२ पासून. स्वतंत्र भारताने स्वतः डिझाइन करून कारखान्यात मोठ्या संख्येने बनवलेलं हे पहिलं इंजिनाचं विमान. त्याच्या डिझाइनची जबाबदारी होती कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या एका माणसावर. डॉ. विष्णू माधव घाटगे.

आधी कारखाना, मग विमान

२३ डिसेंबर १९४० ला बेंगळुरूमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू झाली. ती काढली होती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या मदतीने. हीच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे आपली एचएएल झाली. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. १९४१ मध्ये या कारखान्यात जोडून तयार झालेलं पहिलं विमान होतं हार्लो पीसी-५. अमेरिकन डिझाइन, सुटे भाग बाहेरून आणलेले, आणि तेही शिकाऊ विमानच. पुढच्याच वर्षी सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला आणि तो युद्धातल्या विमानांच्या दुरुस्तीला जुंपला गेला.

घाटगे या कारखान्यात सुरुवातीच्या काळातच आले. २४ ऑक्टोबर १९०८ चा जन्म. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि तिथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. प्रांटल हे नाव आपल्या ओळखीचं नसेल, पण विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते याचं आजचं शास्त्र ज्यांच्यापासून सुरू होतं असं मानतात, ते हे गृहस्थ. घाटगे त्यांच्याकडून शिकून आले आणि बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा तोही त्यांनी सांभाळला. युद्धाच्या काळात त्यांनी दहा जणांना नेणारं एक ग्लायडरही डिझाइन केलं होतं. त्याला इंजिन नव्हतं, त्यामुळे 'पहिलं इंजिनाचं विमान' हा मान त्याच्याकडे जात नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हवाई दलातली पोरं शिकत होती टायगर मॉथवर. दोन मजली पंख, कापडाने मढवलेलं अंग, उघडं कॉकपिट आणि जन्म १९३१ चा. त्याच्या जागी पर्सिव्हल प्रेन्टिस हे ब्रिटिश विमान आलं आणि ते परवाना घेऊन एचएएलमध्येही बनलं. म्हणजे कारखाना आपला, कामगार आपले, पण नकाशे परक्यांचे. ऑक्टोबर १९४८ मध्ये सरकारने एचएएलला स्वतःचं शिकाऊ विमान डिझाइन करायला परवानगी दिली.

५ ऑगस्ट १९५१ ला कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ चा पहिला नमुना हवेत नेला. परवानगी ते उड्डाण, मध्ये तीन वर्षंही गेली नव्हती. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

एचटी-२ होतं कसं?

एचटी म्हणजे हिंदुस्थान ट्रेनर. नावात कुठलाही काव्यात्मक प्रकार नाही.

धातूचं अंग. पंख खाली, एकाच मजल्याचे. दोन जागा एकामागोमाग एक, आणि दोन्हीकडे कंट्रोल. लांबी साधारण साडेसात मीटर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख पावणेअकरा मीटरच्या आसपास. दोघांना घेऊन इंधनासह वजन जवळपास एक टन, म्हणजे एका मारुती स्विफ्टपेक्षा फार वेगळं नाही. जास्तीत जास्त वेग ताशी २०९ किलोमीटर. त्याच काळातलं कॅनडाचं चिपमंक हे विमान शेजारी ठेवलंत तर दोघं भाऊ वाटतील.

चाकं मात्र आजच्या विमानांसारखी नव्हती. आज आपण ज्या विमानांतून प्रवास करतो त्यांना नाकाखाली एक चाक असतं. एचटी-२ ला पुढे दोन मोठी चाकं आणि एक छोटं चाक शेपटीखाली. जमिनीवर उभं असताना विमानाचं नाक आभाळाकडे. त्यामुळे धावपट्टीवर चालवताना समोरचं नीट दिसत नाही, डावीउजवीकडे नागमोडी वळत पुढे जावं लागतं. शिवाय विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं, त्यामुळे उतरताना जरा तिरकं टेकलं की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान जागच्या जागी गरकन फिरतं. रिकामी ट्रॉली ढकलण्याऐवजी उलटी धरून पळवून बघा, अंदाज येईल.

मग शिकणाऱ्याला असलं विमान का द्यायचं? त्या काळात बहुतेक विमानं अशीच होती, हे एक कारण. पण त्याचा फायदाही होता. पाय सतत जागे ठेवायची सवय लागायची. शिकाऊ विमानाने चुका माफ करायच्या असतात, पण इतक्याही नाही की चूक झाल्याचं पोराला कळूच नये. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणं हेच असल्या विमानाच्या डिझाइनमधलं सगळ्यात अवघड काम.

एक सांगाडा, तीन इंजिनं

एचटी-२ चे प्रकार समजून घ्यायचे असतील तर पंखांकडे नाही, नाकाकडे बघा. प्रत्येक वेळी बदललं ते इंजिन.

पहिल्या नमुन्यात होतं डी हॅविलंडचं जिप्सी मेजर १०. १४५ अश्वशक्ती, ब्रिटिश. टायगर मॉथच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. आताची एखादी मध्यम एसयूव्हीसुद्धा तेवढी ताकद घेऊन घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उभी असते.

१९ फेब्रुवारी १९५२ ला उडालेल्या दुसऱ्या नमुन्यात ब्लॅकबर्न कंपनीचं सिरस मेजर ३ आलं. १५५ अश्वशक्ती, हेही ब्रिटिशच. कारखान्यातून जी विमानं बाहेर पडली ती याच इंजिनाची. १९५३ पासून एचटी-२ हवाई दलाकडे जायला लागलं. फ्लाइंग क्लबांनाही ते मिळालं. नमुने धरून १७० च्या आसपास विमानं बनली.

ही दोन्ही इंजिनं चार सिलेंडर एका रांगेत आणि उलटे टांगलेली, अशा रचनेची. नाक निमुळतं राहतं, दिसायला छान. पण ब्रिटनमध्ये लहान विमानांच्या इंजिनांचा हा धंदाच हळूहळू संपत गेला, तर अमेरिकेत लायकमिंग आणि कॉन्टिनेंटलची इंजिनं जगभर पसरली. त्यामुळे पुढे काही एचटी-२ विमानांत लायकमिंगचं १६० अश्वशक्तीचं इंजिन बसवण्यात आलं. हा प्रकार म्हणजे एचटी-२एल. शेवटचा एल लायकमिंगचा. यात चार सिलेंडर दोन-दोन करून आडवे, समोरासमोर. या इंजिनाचे सख्खे भाऊ जगभरातल्या सेसना आणि पायपर विमानांत चालतात, म्हणजे सुटे भाग मिळण्याची चिंता कमी.

आमच्या गोखिवरे-सातिवलीच्या गाळ्यांमध्ये लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. मशीनचं अंग स्टँड कुठेही बनवून घेता येतो, मोटर जळली आणि त्या कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं असलं की खरी पंचाईत होते. विमानाचं तेच आहे, फक्त मोटर हवेत बंद पडते.

घानापर्यंत

१९५९ मध्ये नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घानाने हवाई दल उभं करायचं ठरवलं आणि मदतीला भारतीय हवाई दलाचे अधिकारी गेले. घानाच्या पहिल्या पायलटांच्या प्रशिक्षणासाठी विमान होतं आपलं एचटी-२. अशी बारा विमानं तिकडे गेली. आज 'ब्रह्मोस'च्या निर्यातीच्या बातम्या आपण वाचतो. पण भारतात डिझाइन झालेलं विमान परदेशी हवाई दलाने वापरलं ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकात का नाही असा प्रश्न मला हे वाचताना पडला.

घाटगे मात्र एवढ्यावर थांबले नव्हते. फ्लाइंग क्लबांसाठीचं पुष्पक, सैन्यासाठीचं कृषक ही लहान विमानं त्यांच्याच काळात झाली. ४ सप्टेंबर १९६४ ला उडालेलं किरण हे जेट ट्रेनरही. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ ला त्यांचं निधन झालं.

दीपक, आणि एकोणीस जीव

एचटी-२ चांगलं असलं तरी १९७० च्या दशकात ते जुनं झालंच होतं. त्याच्या जागी एचएएलने आणलं एचपीटी-३२. नाव दीपक. पहिलं उड्डाण ६ जानेवारी १९७७ ला, हवाई दलात दाखल १९८४ मध्ये. म्हणजे पहिल्या उड्डाणापासून सात वर्षं.

दीपकमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसायचे. शिक्षकाला पोराचा चेहरा दिसतो, हात दिसतात, हा याचा फायदा. चाक नाकाखाली आलं. इंजिन लायकमिंगचं, २६० अश्वशक्तीचं. कागदावर सगळं एचटी-२ च्या पुढचं.

प्रत्यक्षात या विमानाचं इंजिन हवेत बंद पडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडत राहिल्या. इंधन इंजिनापर्यंत नीट न पोचणं ही त्यातली मोठी तक्रार. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडतं असं नाही. चांगलं हलकं विमान बराच वेळ तरंगत जातं आणि पायलटला एखादं शेत, एखादा मोकळा माळ शोधायला वेळ मिळतो. दीपक तरंगण्यात कमजोर होतं. आणि आत बसलेल्यांकडे सीटसकट बाहेर फेकलं जाण्याची सोय नव्हती.

३१ जुलै २००९ ला आंध्र प्रदेशात, आताच्या तेलंगणात, मेडक जिल्ह्यात एक दीपक कोसळलं. त्यात दोन पायलट गेले, आणि ते शिकाऊ नव्हते, दोघंही शिकवणारे होते. त्यानंतर सगळी एचपीटी-३२ जमिनीवर उभी केली गेली ती कायमची. तोपर्यंत या विमानाच्या १७ अपघातांत १९ पायलटांचा जीव गेला होता.

लढाईत नाही, शिकताना.

त्यातली चटका लावणारी गोष्ट अशी, की दुसरा पर्याय एचएएलच्याच हातात होता. दीपकच्याच तिसऱ्या नमुन्यात पिस्टन इंजिन काढून ४२० अश्वशक्तीचं ॲलिसन टर्बोप्रॉप बसवलं होतं. टर्बोप्रॉप म्हणजे पंखा फिरवणारं जेट इंजिन. नाव एचटीटी-३४. ते १७ जून १९८४ ला उडालं आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या फार्नबरो प्रदर्शनात मिरवलंही. म्हणजे दीपक हवाई दलात येत होतं त्याच वर्षी त्याचा जास्त ताकदवान भाऊ तयार होता. ऑर्डर आली नाही. पुढे एचटीटी-३५ नावाचं आणखी एक विमान आखलं गेलं, त्याचा फक्त लाकडी-धातूचा आराखडा राहिला. ते झालं असतं तर १९ जीव वाचले असते असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण पंचवीस वर्षं हाताशी होती, एवढं नक्की.

शिकायला विमानच नाही

२००९ नंतर हवाई दलाकडे पहिल्या टप्प्याचं विमानच उरलं नाही. मग थेट किरणवर शिकवायला सुरुवात झाली. किरण जेट आहे, ते मुळात दुसऱ्या टप्प्यासाठी होतं आणि त्याचंही वय झालेलं. स्कूटी न शिकवता एकदम जुन्या बुलेटवर बसवण्यासारखा प्रकार. उड्डाणाचे तासही कमी करावे लागले.

मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीच्या ७५ पीसी-७ मार्क २ विमानांचा करार झाला. वर्षभरात, ३१ मे २०१३ ला, हैदराबादजवळच्या डुंडीगलमध्ये ती हवाई दलात दाखलही झाली. पिलाटस उत्तम विमान आहे, यात वाद नाही. आणि नेमकं त्यामुळेच एचएएलच्या नव्या विमानापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. हवाई दलाचं म्हणणं असं होतं की चांगलं, तयार विमान मिळतंय तर कागदावरच्या महागड्या विमानासाठी कशाला थांबायचं? दीपकचा अनुभव बघता त्यांना चूक तरी कसं म्हणणार?

एचएएलने स्वतःचे पैसे घालून एचटीटी-४० चं काम चालू ठेवलं. २०१५ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना संरक्षण खरेदी परिषदेने स्वदेशी विमानाच्या बाजूने कौल दिला. ३१ मे २०१६ ला एचटीटी-४० पहिल्यांदा उडालं आणि १७ जूनला पर्रीकरांच्या उपस्थितीत त्याचं जाहीर उड्डाण झालं.

त्यानंतर अडकलं ते स्पिनमध्ये. विमानाचा वेग फार कमी झाला आणि एक पंख दुसऱ्याच्या आधी 'सुटला' की विमान नाक खाली करून, भोवऱ्यासारखं गरगरत खाली येतं. शिकाऊ पायलटला हे मुद्दाम करायला लावतात आणि त्यातून बाहेर पडायला शिकवतात. म्हणजे विमान पाहिजे तेव्हा स्पिनमध्ये गेलं पाहिजे आणि सांगितलं की सरळही झालं पाहिजे. एचटीटी-४० च्या शेपटीच्या भागात त्यासाठी बदल करावे लागले, आणि सलग सहा गिरक्यांपर्यंतच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. वर्षं त्यातच गेली.

७ मार्च २०२३ ला ७० विमानांचा करार झाला. किंमत ६,८२८ कोटी, मुदत सहा वर्षं. विमान दोन आसनी, एकामागोमाग एक, एचटी-२ सारखंच. बाकी सगळं वेगळं. पडद्यांचं कॉकपिट, आत जाणारी चाकं, एसी, आणि जमिनीवर उभ्या विमानातूनही जीव वाचवू शकेल अशी बाहेर फेकणारी सीट. करार झाला तेव्हा विमानातला ५६ टक्के भाग देशी होता, तो ६० च्या पुढे नेण्याचं ठरलं आहे.

इंजिन? हनीवेल कंपनीचं टीपीई-३३१, अमेरिकन. १९५१ चं जिप्सी मेजर आणि २०२५ चं हनीवेल यांच्यात ७४ वर्षांचं आणि काही शे अश्वशक्तींचं अंतर आहे, पण विमानाचं वेळापत्रक आजही त्या एकाच खोक्यावर अवलंबून असतं. एचटीटी-४० ची पहिली विमानं सप्टेंबर २०२५ पासून मिळायची होती. इंजिनं वेळेत आली नाहीत आणि तारीख पुढे गेली.

कारखान्यातल्या मालिकेतलं पहिलं एचटीटी-४०, टीएच-४००१, बेंगळुरूमध्ये उडालं ते २४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी घाटगेंची ११७ वी जयंती होती. हा योगायोगच असणार, कारण बातम्यांमध्ये त्यांचं नाव कुठे दिसलं नाही.

परवानगीपासून पहिल्या उड्डाणाला एचटी-२ ला तीन वर्षंही लागली नव्हती आणि पुढच्या दोन वर्षांत ते हवाई दलाकडे निघालंही होतं. एचटीटी-४० ला पहिल्या उड्डाणापासून मालिकेतल्या पहिल्या विमानापर्यंतच नऊ वर्षं लागली. ही तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मान्य. १९५१ चं विमान साधं होतं, चाचण्यांचे नियम आजच्याइतके कडक नव्हते, आणि नव्या विमानातल्या सुरक्षेच्या सोयी एचटी-२ मध्ये बसणाऱ्यांना स्वप्नातही दिसल्या नसत्या. तरी १९८४ ते २००९ ही मधली वर्षं या हिशेबात कुठे मांडायची, याचं उत्तर मिळत नाही.

ओझरला काय होणार?

ओझरचा कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठी उभारलेला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. पुढे इथे सुखोई-३० बनली. ते काम ओसरल्यावर इतक्या मोठ्या कारखान्याचं आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योगांचं काय, ही नाशिककरांची काळजी होती. तेजसची तिसरी आणि एचटीटी-४० ची दुसरी उत्पादन साखळी इथे आल्यामुळे ती काळजी सध्या तरी मागे पडली आहे. एचटीटी-४० ची पहिली साखळी बेंगळुरूमध्ये आहे आणि ७० विमानांचं काम या दोन ठिकाणी मिळून व्हायचं आहे.

आणि मूळ एचटी-२ बघायचं असेल, तर बेंगळुरूला एचएएलच्या संग्रहालयात एक ठेवलेलं आहे. नाक आभाळाकडे, शेपटीचं चाक जमिनीवर. कॉकपिटजवळ उभं राहून समोर काय दिसलं असतं याचा अंदाज घ्या. फारसं काही दिसलं नसतं.